‘पिक अप’ म्हणजे नेमकं काय? वाक्यातला अर्थ कसा ओळखायचा आणि कसा वापरायचा

गावाच्या फाट्यावर पिकअप शेड असतं. संत्र्याचे क्रेट वाहून नेणारी पिकअप गाडी दारासमोरून जाते. जुन्या मोटरसायकलला ‘पिकअप राहिला नाही’ असं कोणीही सांगतं. म्हणजे हा शब्द विदर्भातल्या खेड्यात परका नाही. अडतं ते पुस्तक उघडल्यावर. ‘सेल्स पिक्ड अप’, ‘शी पिक्ड अप हिंदी’, ‘ही पिक्ड अप ॲन इन्फेक्शन’ अशी वाक्यं येतात, विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी ‘उचलणे’ लावून पाहतो आणि अर्थ काही केल्या बसत नाही. मग तो गाइडमधली बारा अर्थांची यादी पाठ करतो. आठ दिवसांत ती विसरतो.

यादी पाठ करू नका. मराठीतलं ‘पडणे’ बघा. पाऊस पडला, भाव पडला, आजारी पडला, महाग पडलं, पाया पडला, प्रश्न पडला. यातला एकही अर्थ कोणी पाठ केलेला नाही. ‘भाव’ शेजारी असला की पडणे म्हणजे उतरणे, ‘आजारी’ शेजारी असलं की तब्येत बिघडणे, हे कानाला आपोआप कळतं. शेजारचा शब्द अर्थ ठरवतो. ‘पिक अप’ अगदी असंच चालतं. इंग्रजीत क्रियापदाला अप, ऑफ, आउट, ऑन असा छोटा शब्द जोडून जे नवं क्रियापद तयार होतं त्याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात, आणि ‘पिक अप’ हे त्यातलं रोज लागणारं एक.

आधी ‘अप’ काढून बघा

नुसतं ‘पिक’ म्हणजे तोडणे, खुडणे, वेचणे किंवा निवडणे. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची पूजा, करून पहिला वेचा सुरू झाला, बाया ओटी बांधून पऱ्हाटीतून चालल्या आहेत, तर इंग्रजीत म्हणायचं ‘द विमेन आर पिकिंग कॉटन’. इथे ‘अप’ लावायचं नाही. ‘पिकिंग अप कॉटन’ म्हटलं तर बोंडातून वेचलेला कापूस डोळ्यासमोर येत नाही, खाली सांडलेला उचलताहेत असं वाटतं. संत्र्याचंही तेच. झाडावरून तोडली तर ‘पिक ऑरेंजेस’. गळून वाफ्यात पडलेली गोळा केली तर ‘पिक अप द फॉलन ऑरेंजेस’. एका ‘अप’नं फळ झाडावरून जमिनीवर येतं.

तांदूळ निसतो तेव्हा खडे वेगळे काढतो, त्याला ‘पिक आउट द स्टोन्स’. पर्याय निवडायचा असेल तर नुसतं ‘पिक’: ‘पिक अ नंबर’. आणि ‘पिक ऑन’ म्हणजे एखाद्याच्या मागे लागून त्याला त्रास देणे: ‘द बिग बॉइज पिक ऑन हिम’. चौघांचं घराणं एक असलं तरी काम वेगळं. एकाऐवजी दुसरा लिहिला की वाक्याचा अर्थच बदलतो.

उच्चाराची एक गोष्ट इथेच पक्की करा. ‘पिक’ मधली इ ऱ्हस्व आहे. आपल्या जिभेवर शेतातलं दीर्घ ‘पीक’ बसलेलं असतं, त्यामुळे घाईत ‘पीक अप’ निघतं. इंग्रजी कानाला तो दीर्घ उच्चार शिखर किंवा डोकावणे या अर्थाचा वेगळाच शब्द वाटतो. भूतकाळी रूप ‘पिक्ड’ असं लिहितात, पण बोलताना शेवटी ‘ड’ नसतो, ‘ट’ असतो: पिक्ट. आणि दोन शब्द तोडून बोलत नाहीत. ‘पिक अप’ हे ‘पिकप’ ऐकू येतं, ‘पिक्ड अप’ हे ‘पिक्टप’, ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’. श्रवणाच्या परीक्षेत किंवा कॉल सेंटरच्या मुलाखतीत जी वाक्यं निसटतात, त्यात असे जोडून बोललेले शब्द बरेच असतात.

‘इट’ कुठे बसवायचं

हा नियम चुकला की अर्थ बरोबर असूनही वाक्य चूक ठरतं, म्हणून अर्थांच्या आधी हाच घ्या.

उचलायची वस्तू नावानं सांगितली असेल तर ती ‘अप’च्या आधी किंवा नंतर, दोन्हीकडे चालते. ‘पिक अप द सिकल’ बरोबर, ‘पिक द सिकल अप’ हेही बरोबर. पण वस्तूच्या जागी सर्वनाम आलं, म्हणजे इट, हिम, हर, देम, मी, यू, अस, तर ते मध्येच बसतं. ‘पिक इट अप.’ ‘पिक देम अप.’ ‘आय विल पिक यू अप.’ ‘पिक अप इट’ कधीच नाही. मराठीत ‘ते उचल’ म्हणताना सर्वनाम आधीच येतं, तरी इंग्रजी लिहिताना हात ते शेवटी टाकतो, कारण पाठांतरात ‘पिक अप’ ही जोडी घट्ट बसलेली असते. त्यावर उपाय एकच. ‘पिक अप’ असं पाठ न करता ‘पिक इट अप’ असं तीन शब्दांत पाठ करा. जागा आपोआप लक्षात राहते.

वस्तूचं वर्णन लांबलचक असेल तर ‘अप’ आधीच टाकून मोकळं व्हा. ‘पिक अप द सॅक ऑफ सोयाबीन लाइंग नियर द वेल’ हे वाचायला सोपं. ‘अप’ शेवटी ठेवला तर वाचणारा ‘वेल’पर्यंत पोचतो तोवर ‘पिक’ विसरलेला असतो.

काही अर्थांत पुढे वस्तूच नसते. ‘द विंड पिक्ड अप.’ वारा काही उचलत नाही, वाराच जोरात सुटतो. अर्थ ओळखायची पहिली खूण हीच.

अर्थ ओळखायचे दोन प्रश्न

वाक्य आलं की आधी विचारा: ‘पिक अप’च्या पुढे किंवा मध्ये वस्तू, माणूस, काहीतरी आहे का? नसेल तर अर्थ बहुतेक ‘सुधारणे, वाढणे, जोर धरणे’ असतो. फोनचा विषय चालू असेल तर ‘फोन घेणे’. थांबलेल्या कामाचा विषय असेल तर ‘पुढे सुरू करणे’. बस, तीनच.

असेल, तर दुसरा प्रश्न: ते काय आहे? हाताला लागणारी वस्तू, माणूस, आजार, भाषा, सिग्नल की बिल? त्यावर अर्थ ठरतो. आता एकेक घेऊ. काहींवर थांबावं लागेल, काही दोन ओळींत संपतील.

*हाताला लागणारी वस्तू.* ‘शी पिक्ड अप द बकेट’, तिनं बादली उचलली. सरळ उचलणे. इथे ‘लिफ्ट’शी गल्लत होते. पेन, विळा, पोरगं असं सहज उचललं जाणारं ‘पिक अप’. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेताना जोर सांगायचा असेल तर ‘लिफ्ट’: ‘कॅन यू लिफ्ट दिस सॅक?’ पोत्याला ‘पिक अप’ म्हटलं तर चूक नाही, पण वजनाचा भार वाक्यातून जातो. हात वर करायचा असेल तर दोन्ही नाही, तिथे ‘रेज युवर हँड’.

*वाटेत घेऊन येण्याची वस्तू.* ‘पिक अप सम सॉल्ट ऑन युवर वे होम.’ येता येता मीठ घेऊन ये. इथे दुकानात पैसे दिले जातात, तरी ‘बाय’ न म्हणता ‘पिक अप’ म्हणतात, कारण काम छोटं आणि वाटेवरचं आहे. आधीच सांगून ठेवलेली वस्तू ताब्यात घेणं हाही याचाच भाग: ‘आय पिक्ड अप द मेडिसिन फ्रॉम द हॉस्पिटल’, ‘पिक अप द पार्सल’. परीक्षेत याला एका शब्दाचा पर्याय मागितला तर ‘कलेक्ट’. बैल पाहायला बाजारात चार खेपा घातल्या, भाव केला आणि मग घेतला, तर तिथे ‘बॉट’च बरं. ‘पिक अप’मध्ये सहजपणा आहे, चार दिवसांची घासाघीस त्यात मावत नाही.

*माणूस.* याच्यावर जरा थांबावं लागेल, कारण एकाच शब्दात पाच अर्थ आहेत आणि एकात अब्रूचा प्रश्न आहे.

लहान मूल असेल तर कडेवर किंवा हातात घेणे: ‘ही पिक्ड अप द क्राइंग चाइल्ड’. मोठं माणूस आणि ठिकाण असेल तर गाडी घेऊन आणायला जाणे: ‘आय विल पिक यू अप ॲट बडनेरा स्टेशन ॲट सिक्स’. बस किंवा रिक्षा असेल तर वाटेत प्रवासी घेणे: ‘द बस पिक्ड अप फाइव्ह पॅसेंजर्स’. फाट्यावरच्या पिकअप शेडचं नाव याच अर्थातून आलं आहे. पोलीस असतील तर ‘द पोलीस पिक्ड हिम अप’, म्हणजे त्याला उचललं. आपल्या बोलण्यात पोलीस उचलतात तसंच, शब्दाला शब्द जुळतो. औपचारिक लिखाणात मात्र ‘अरेस्टेड’ किंवा ‘डिटेन्ड’ लिहा. उचलून नेणं आणि अटक करणं यात कायद्याचा फरक आहे आणि ‘पिक्ड अप’मधून तो कळत नाही.

पाचवा अर्थ सांभाळायचा. अनोळखी बाईशी किंवा पुरुषाशी जवळीक करून सोबत नेणे, यालाही ‘पिक अप’ म्हणतात. ‘ही पिक्ड अप अ गर्ल’ एवढंच लिहिलं तर इंग्रजी वाचणारा हाच अर्थ घेईल. बहिणीला स्टँडवरून आणलं हे सांगायचं असेल तर नातं आणि ठिकाण दोन्ही लिहा: ‘ही पिक्ड अप हिज सिस्टर फ्रॉम द बस स्टँड’. ठिकाण आलं की गैरसमज उरत नाही.

आणायला जाण्याच्या अर्थात आपल्याकडे ‘आय विल कम टू रिसीव्ह यू’ फार चालतं. भारतात ते समजतं. बाहेरच्या माणसाला पत्र किंवा ईमेल असेल तर गाडी आणणार असाल तेव्हा ‘पिक यू अप’ आणि नुसते भेटायला येणार असाल तेव्हा ‘मीट यू’ लिहा. नेऊन सोडणं म्हणजे ‘ड्रॉप यू’ किंवा ‘ड्रॉप यू ऑफ’. शाळेच्या गाडीच्या वेळापत्रकावर ‘पिकअप’ आणि ‘ड्रॉप’ ही जोडी असते ती हीच.

*फोन.* फोन ‘पिक अप’ करतात, कॉल ‘आन्सर’ करतात. ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ हे वाक्य आपल्याकडे रोज शंभर तोंडांतून निघतं आणि त्यात चूक दुहेरी आहे: ‘अप’ गायब, आणि कॉल उचलला. ‘ही इज नॉट पिकिंग अप’ म्हणा किंवा ‘ही इज नॉट आन्सरिंग माय कॉल’ म्हणा. ‘ही कट माय कॉल’ हेही आपलंच घडवलेलं. समोरच्यानं बोलता बोलता ठेवून दिला तर ‘ही हंग अप’, घेतलाच नाही आणि लाल बटण दाबलं तर ‘ही रिजेक्टेड माय कॉल’.

*भाषा, कला, सवय.* हा अर्थ विदर्भातल्या वाचकाला समजावावा लागू नये. 1956 पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. बाजार, रेल्वे, कोर्ट, सगळीकडे हिंदी कानावर पडायची, आजही पडते. व्याकरणाचं पुस्तक न उघडता इथला माणूस सफाईनं हिंदी बोलतो. हे ‘पिक अप’. मेळघाटातलं कोरकू लेकरू आठवडी बाजारात मराठी बोलायला लागतं, तेही ‘पिक अप’. ‘शी पिक्ड अप मराठी ॲट द वीकली मार्केट.’ वर्गात बसून, फी भरून, परीक्षा देऊन शिकलं तर ‘लर्न’. कानावर पडून, पाहून, करून अंगवळणी पडलं तर ‘पिक अप’. डी.एड. ‘पिक अप’ करता येत नाही. वेल्डिंग दुकानात राहून ‘पिक अप’ करता येतं. सवयींनाही चालतं: ‘ही पिक्ड अप द हॅबिट ऑफ च्युइंग खर्रा’. खर्रा इंग्रजीत तसाच लिहा, त्याला दुसरा नेमका शब्द नाही.

*आजार, कीड.* ‘शी पिक्ड अप ॲन इन्फेक्शन.’ ‘द डॉग पिक्ड अप टिक्स इन द ग्रास’, कुत्र्याला गवतातून गोचिडं लागली. मराठीत आजार लागतो, जडतो, कोणी तो उचलत नाही, म्हणून भाषांतरात ‘उचलणे’ लिहिलं की वाक्य हास्यास्पद होतं. बाहेरून कुठून तरी लागलेल्या, बहुधा फार गंभीर नसलेल्या दुखण्याला हा शब्द बसतो. सर्दीला ‘कॅच अ कोल्ड’ जास्त रूढ. मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल यांना ‘पिक अप’ लावू नका. सिकलसेल आईबापांकडून जन्मतःच येतो, तो कुठून लागत नाही.

पण सिकलसेलच्या तपासणीला ‘पिक अप’ लागतो, वेगळ्या अर्थानं: ‘द ब्लड टेस्ट पिक्ड अप सिकल सेल’. तपासणीत तो सापडला, कळून आला. कर्ता आजारी माणूस असेल तर आजार लागला, कर्ता तपासणी किंवा यंत्र असेल तर आजार सापडला. एकच क्रियापद, पण कर्ता बदलला की अर्थ पालटतो. आरोग्यसेविकेच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामाची तयारी करणाऱ्यांनी ही जोडी वहीत समोरासमोर लिहून ठेवावी.

*सिग्नल, आवाज, वास.* ‘माय फोन डझन्ट पिक अप अ सिग्नल इन द फील्ड’, वावरात रेंज धरत नाही. ‘द ओल्ड रेडिओ स्टिल पिक्स अप नागपूर’, जुन्या रेडिओवर अजून नागपूर लागतं. ‘द डॉग पिक्ड अप द सेंट’, कुत्र्याला माग लागला. मराठीत इथे धरणे, लागणे, पकडणे. पर्यायी शब्द ‘रिसीव्ह’ किंवा ‘डिटेक्ट’.

याच्याच शेजारी ‘पिक अप ऑन’ आहे: न बोललेली गोष्ट हेरणे. ‘द टीचर पिक्ड अप ऑन हिज फिअर.’ त्याची भीती बाईंनी ओळखली. यात मध्ये काही घुसवता येत नाही. तिन्ही शब्द सलग, मग वस्तू, सर्वनाम असलं तरीही शेवटी: ‘शी पिक्ड अप ऑन इट’. वरचा सर्वनामाचा नियम इथे उलटतो, म्हणून परीक्षेत हा प्रश्न घालायला सोपा.

*वेग.* ‘द ट्रेन पिक्ड अप स्पीड.’ गाडीनं वेग घेतला. इथे ‘स्पीड’ नेहमी ‘अप’च्या नंतर ठेवा. ‘द’ किंवा ‘अ’ लावायचा नाही.

*बिल.* ‘माय अंकल पिक्ड अप द बिल’ म्हणजे सगळ्यांचे पैसे मामांनी दिले. इथे फसगत होते, कारण वीजबिल किंवा पावती आणायला गेलेल्या माणसालाही ‘ही पिक्ड अप द बिल’ म्हणता येतं. हॉटेल, चहा, लग्नातला खर्च असा विषय असेल तर पैसे दिले. ऑफिस, काउंटर असा विषय असेल तर कागद आणला. अमेरिकेत हॉटेलच्या बिलाला ‘टॅब’ही म्हणतात, ‘पिक अप द टॅब’ याचा अर्थ तोच.

*पुढे काही नाही: सुधारणे, जोर धरणे.* ‘सेल्स पिक्ड अप आफ्टर दिवाली.’ ‘द रेन इज पिकिंग अप.’ ‘शी वॉज वीक लास्ट वीक, बट शी इज पिकिंग अप नाऊ.’ या सगळ्यांत एक धागा आहे: आधी मंद होतं, आता सावरलं. महिनाभर पावसानं ओढ दिली, सोयाबीन माना टाकून उभं होतं, पाऊस आला आणि दोन दिवसांत तरारलं, तर ‘द क्रॉप पिक्ड अप आफ्टर द रेन’ याच्याइतकं नेमकं वाक्य नाही. कापसाच्या भावाला ‘गो अप’ आणि ‘पिक अप’ दोन्ही म्हणता येतं, पण फरक आहे. ‘प्राइसेस वेंट अप’ म्हणजे नुसते वाढले. ‘प्राइसेस पिक्ड अप’ म्हणजे पडलेले होते, ते सावरले. बाजाराच्या बातमीचं भाषांतर करताना पहिल्यासाठी ‘वाढ’ आणि दुसऱ्यासाठी ‘उठाव’ हे शब्द तयार ठेवा. हा बदल हळूहळू होतो, त्यामुळे ‘इज पिकिंग अप’ हे चालू रूप याच अर्थात सर्वांत जास्त भेटतं.

*थांबलेलं पुन्हा धरणे.* ‘लेट अस पिक अप व्हेअर वी स्टॉप्ड यस्टरडे.’ काल जिथे थांबलो तिथून पुढे. पर्यायी शब्द ‘रिझ्यूम’. एवढंच.

‘उचलणे’ कुठे दगा देतं

वरच्या अर्थांत मराठीतलं उचलणे बरंच साथ देतं: वस्तू, फोन, पोलीस. त्यामुळे भरवसा वाढतो, आणि मराठीतून इंग्रजी करताना दिसेल त्या ‘उचल’ला ‘पिक अप’ लावलं जातं. मराठीतलं उचलणे ‘पिक अप’च्याही पुढे गेलेलं आहे, आणि तिथे इंग्रजीत वेगळं क्रियापद लागतं.

सालदारानं किंवा मजुरानं मालकाकडून उचल घेतली, तर ‘ही टुक ॲन ॲडव्हान्स’. सोसायटीतून कर्ज उचललं, तर ‘टुक अ लोन’. योजनेचा फायदा उचलला, तर ‘बेनिफिटेड फ्रॉम द स्कीम’. इथे ‘टुक ॲडव्हान्टेज ऑफ’ लिहिताना जपून, माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ गैरफायदा घेणे होतो. पाऊल उचललं, ‘टुक अ स्टेप’. ग्रामसभेत मुद्दा उचलला, ‘रेज्ड द इश्यू’. जबाबदारी उचलली, ‘टुक ऑन द रिस्पॉन्सिबिलिटी’. एखादं अवघड काम पार पाडायचा विडा उचलला, तर ‘टुक अप द चॅलेंज’: अप आहे, पण पिक नाही. बायकोवर हात उचलला, तर ‘हिट’. ‘रेज्ड हिज हँड’ लिहिलं तर शाळेत प्रश्न विचारायला हात वर केल्यासारखं होईल. जुन्या दुखण्यानं उचल खाल्ली, तर ‘फ्लेअर्ड अप’. इथे ‘पिक्ड अप’ लिहिलं तर उलटाच अर्थ होईल, सुधारल्याचा. बाजारात कोणी मोबाईल उचलला म्हणजे चोरला, तर ‘स्टोल’. ‘समवन पिक्ड अप माय फोन’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, कोणी भला माणूस पडलेला फोन उचलून देतो आहे.

या ओळींतली किती वाक्यं ‘टेक’ घेऊन येतात ते बघा. शंका आली आणि उचलायची गोष्ट हातात धरता येत नसेल, म्हणजे कर्ज, पाऊल, जबाबदारी, तर आधी ‘टेक’ लावून पाहा. बऱ्याच वेळा तेच बरोबर निघतं.

नाम म्हणून ‘पिकअप’

क्रियापद असेल तर दोन शब्द आणि जोर ‘अप’वर. नाम असेल तर जोडून एक शब्द, किंवा मध्ये छोटी रेघ, आणि जोर ‘पिक’वर. ‘प्लीज पिक अप द मिल्क’ आणि ‘मिल्क पिकअप इज ॲट सेव्हन’ ही दोन वाक्यं मोठ्यानं पाच-पाच वेळा म्हणा, फरक कानाला लागेल. नाम झालं की मागे उघडा हौदा असलेली गाडी, माल किंवा माणसं घेण्याची फेरी, व्यवहारातला उठाव, हे अर्थ होतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेची कंपनं पकडून त्यांचे विजेचे संकेत करणाऱ्या भागालाही ‘पिकअप’ म्हणतात, तो सिग्नल धरण्याच्या अर्थाचा. मोटरसायकल झटकन वेग घेते हा अर्थ आपल्याकडे घट्ट रुजला आहे, पण लेखी परीक्षेत ‘ॲक्सिलरेशन’ लिहिलेलं सुरक्षित.

सराव कसा करायचा

वहीचं एक पान घ्या आणि उभ्या तीन रेघा मारून चार रकाने करा: कर्ता, पुढची वस्तू, मराठी क्रियापद, इंग्रजी पर्यायी शब्द. रोज दोनच अर्थ. प्रत्येक अर्थाची तीन वाक्यं लिहा: एक वाचलेलं, एक आपल्या त्या दिवसातलं, एक ‘इट’ किंवा ‘देम’ मध्ये घालून. तिसरं वाक्य टाळू नका, चुका तिथेच सापडतात. सुधारणे या अर्थाला वस्तू नसते, त्याचं तिसरं वाक्य ‘इज पिकिंग अप’नं करा. आठवड्यात सगळे अर्थ एकदा होतात. दुसऱ्या आठवड्यात मराठी रकाना झाकून वाचा.

हा उतारा घेऊन बघा. प्रत्येक ‘पिक अप’खाली रेघ मारून दोन प्रश्न लावा.

‘आवर बस पिक्ड अप टेन विमेन निअर द ब्रिज अँड देन पिक्ड अप स्पीड. आय पिक्ड अप माय अंकल्स मेडिसिन इन वरुड. ही हॅज पिक्ड अप ॲन इन्फेक्शन, बट ही इज पिकिंग अप नाऊ. आय ट्राइड टू कॉल होम, बट माय फोन कुड नॉट पिक अप अ सिग्नल. माय कझिन पिक्ड अप द बिल फॉर द टी.’

सात वेळा आलं आहे. बसनं पुलाजवळ दहा बाया घेतल्या, मग वेग धरला. वरुडहून मामांचं औषध आणलं. मामांना संसर्ग झाला आहे, पण आता तब्येत सावरते आहे: इथे एकाच वाक्यात आजार लागणं आणि बरं होणं, दोन्ही ‘पिक अप’नंच सांगितलं आहे. पहिल्याच्या पुढे ‘इन्फेक्शन’ आहे, दुसऱ्याच्या पुढे काहीच नाही, म्हणून अर्थ वेगळे. फोनला रेंज धरली नाही. आणि शेवटचं: चहाचा विषय आहे, म्हणून चुलतभावानं पैसे दिले. ‘कझिन’वरून तो चुलत, मामे की आते, की बहीणच, हे इंग्रजीत कळत नाही. भाषांतर करताना पुढच्या-मागच्या वाक्यांत नातं शोधा, नाहीच सापडलं तर ‘नात्यातला भाऊ’ लिहा.

औषधाच्या वाक्यात ‘बॉट’ लिहिलं असतं तर चाललं असतं का? औषध दुकानातून विकत घेतलं असेल तर चाललं असतं. दवाखान्यातून फुकट मिळालं असेल तर नाही. ‘पिक्ड अप’ दोन्हीकडे बसतं, कारण त्यात पैशांचा उल्लेखच नाही. पैसे दिले की नाही हे सांगायचं नसेल तेव्हा हा शब्द वापरा, आणि सांगणं गरजेचं असेल, हिशेबाच्या कागदावर किंवा तक्रार अर्जात, तेव्हा ‘बॉट’ किंवा ‘कलेक्टेड’ असं स्वच्छ लिहा.